रडवणारी कादंबरी मुलांबरोबर कशी वाचावी

तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांबरोबर दुर्धर आजारावरची कादंबरी वाचायची, तर बारा ते पंधरा मुलं, दोन मोठी माणसं आणि सहा बैठका असा हिशोब धरावा. वीसच्या वर मुलं गेली की निम्मी नुसती बसून राहतात आणि रडणारं एखादं पोर गर्दीत दिसतही नाही. आठच्या खाली आली तर प्रत्येकावर बोलायची सक्ती होते. दुसरं मोठं माणूस कशाला हवं ते पुढे येईलच; ते मिळत नसेल तर हे काम सुरूच करू नये.

हे टिपण मराठीच्या शिक्षकांसाठी, गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांसाठी आणि आश्रमशाळा-वसतिगृहांच्या अधीक्षकांसाठी आहे. कादंबरी बहुतेक वेळा अमेरिकेतली किंवा इंग्लंडमधली असते, पण ऊन-पाऊस, शेतीची कामं, बोली आणि दवाखाना हे सगळं जळगाव, धुळे, नंदुरबारचं असतं. तसंच धरून लिहिलं आहे.

पद्धतीचा कणा एकच: बोलायचं ते पानावरच्या ओळीवर बोट ठेवून. "मला फार वाईट वाटलं" एवढ्यावर कुणाला सोडायचं नाही आणि "तुझ्या घरी असं कुणी आहे का" असं कुणाला विचारायचं नाही. ओळ मागितली की ज्याला नुसतं रडू आलं होतं त्याला ते कुठून आलं हे कळतं. आणि ज्याच्या घरात खरंच कुणी अंथरूण धरलं आहे, त्याला आपलं काहीही उघडं न करता मनातलं बोलता येतं.

पुस्तक निवडताना

कादंबरी मोठ्या माणसानं आधी दोनदा वाचावी. पहिल्यांदा वाचक म्हणून, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल आणि बाजूला कागद घेऊन. कागदावर पान क्रमांक उतरवायचे: निदान कुठल्या पानावर कळतं, दवाखान्यातले प्रसंग कुठे, मृत्यू कुठे, शरीरसंबंधाचा उल्लेख असेल तर तो कुठे. हा कागद नसला की मोठ्यानं वाचताना नेमकं नको ते पान समोर येतं, वाचणारा अडखळतो, आणि मुलांना पुस्तकापेक्षा त्या अडखळण्याचीच गंमत वाटू लागते.

आजारी मुलगा किंवा मुलगी पुस्तकभर फक्त सोशिक, गोड आणि शहाणी असेल तर ते पुस्तक बाजूला ठेवा. चांगल्या कादंबरीतला आजारी मुलगा चिडतो, खोटं बोलतो, आईला लागेल असं बोलतो, गोळ्या लपवतो. अशा पात्रावर जीव बसतो, म्हणूनच त्याचं जाणं लागतं. शेवट आत्महत्येकडे झुकणारी कादंबरी गटात घेऊ नये, मग ती कितीही नावाजलेली असो.

पुस्तक कोणत्या साली लिहिलं गेलं तेही बघा. उपचार बदलतात, कादंबरी आहे तिथेच राहते. एचआयव्हीवर अनेक औषधं एकत्र देण्याचे उपचार १९९६ च्या सुमारास आले; त्याआधीच्या काळात घडणाऱ्या गोष्टीत जे अटळ दिसतं ते आज तसं नाही. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांवर आघात करणाऱ्या आनुवंशिक आजारावर २०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांच्या एकत्रित गोळीला मान्यता मिळाली आणि तिथल्या पुष्कळ रुग्णांचं चित्र पालटलं. त्याआधीची कादंबरी वाचायला हरकत नाही, फक्त पहिल्याच बैठकीत साल सांगून टाकावं.

पंधरा मुलांना निदान पाच प्रती लागतात, तिघांत एक. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून वाटायचा मोह टाळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकातला वाजवी उतारा लोकांसमोर वाचून दाखवता येतो, सगळं पुस्तक छापून वाटता येत नाही. तालुक्याच्या वाचनालयात एकच प्रत असेल तर जिल्ह्याच्या वाचनालयाकडे आणि शेजारच्या शाळांकडे महिनाभर आधी विचारणा करावी.

कधी आणि किती

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, पण पहिले तीन-चार आठवडे गणवेश, दाखले आणि पाठ्यपुस्तकं यांतच जातात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून पोळ्यापर्यंतचा काळ उत्तम. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन असतं. ते दोन दिवस सोडून द्यावेत, मुली येतच नाहीत. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी असते. अमळनेर, पारोळा, चोपड्याकडची मुलं तेव्हा शेतात असतात, म्हणून त्या दिवसांत सहा बैठका सलग होत नाहीत. उन्हाळ्यात वाचनालयात घ्यायचं असेल तर सकाळी साडेसात ते पावणेनऊ. त्यानंतर पंख्याखालीही कुणाचं लक्ष राहत नाही. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात झोके आणि गौराईची गाणी सोडून कादंबरीला कुणी येणार नाही, येऊही नये. दहावी-बारावीची मुलं घेऊ नयेत.

खोलीला पत्र्याचं छत असेल तर पावसाळ्यात मोठ्यानं वाचणं जमत नाही. सर आली की वाचणारा ओरडायला लागतो, आणि ओरडून वाचलेला हळवा प्रसंग हास्यास्पद होतो. स्लॅबची खोली मागून घ्या.

आता पानांचा हिशोब. मोठ्यानं वाचताना अडीचशे शब्दांच्या पानाला अडीच ते तीन मिनिटं लागतात. दोनशे पानांची कादंबरी म्हणजे आठ-दहा तास. सव्वा तासाच्या सहा बैठकांत ती पूर्ण वाचून होणार नाही, व्हायलाही नको. प्रत्येक बैठकीत अर्धा तास मोठ्यानं वाचन, म्हणजे दहा-बारा पानं. तीसेक पानं मुलांनी आपापली वाचून यायची. दहा मिनिटं मनातल्या मनात मागे-पुढे चाळायला, पंचवीस मिनिटं बोलायला, आणि शेवटची दहा मिनिटं पुस्तकाबाहेरच्या कशालाही. या शेवटच्या दहा मिनिटांना कात्री लावायचा मोह होतो. लावू नका, मुलांना घरी जाण्याआधी चेहरा सावरायला तीच मिळतात.

मृत्यूचा प्रसंग चौथ्या किंवा पाचव्या बैठकीत आणि बैठकीच्या पहिल्या वीस मिनिटांत यावा असं वेळापत्रक मागून पुढे आखा. सहाव्या बैठकीत आला तर त्यावर बोलायला दिवसच उरत नाही. शनिवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी तो वाचू नये. वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर तर कधीच नाही: दिवे मालवतात, मुलं एकटी पडतात, आणि दोन वाजता एखादी लहान मुलगी आईला फोन लावून द्या म्हणून अधीक्षिकेच्या दारात उभी राहते.

आधी सांगायच्या गोष्टी

शेवट आधी सांगावा का, यावर नेहमी वाद होतो. आमचं मत स्पष्ट आहे, सांगावा. "या कादंबरीतला मुलगा आजारानं शेवटी जातो" हे पहिल्या बैठकीत एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं. उत्सुकता मरत नाही. मुलं 'काय होतं' सोडून 'कसं होतं' बघू लागतात. आणि ज्या मुलाच्या घरी हेच चाललं आहे त्याला तरी ते पान अचानक भेटू नये.

पालकांना चिठ्ठी पाठवावी. लांबलचक नको. अशी चालते:

"नमस्कार. आपला मुलगा/मुलगी आमच्या वाचन गटात सहा आठवडे एक कादंबरी वाचणार आहे. तिच्यात एका मुलाला गंभीर आजार होतो व त्यात त्याचा मृत्यू होतो. घरात सध्या कुणी गंभीर आजारी असेल किंवा अलीकडे कुणी गेलं असेल, तर कृपया आम्हाला फोनवर किंवा भेटून कळवावं. ही माहिती आम्हा दोघांपुरतीच राहील. पुस्तक घरी वाचायला आणलं तर आपणही जरूर चाळावं."

वर्गशिक्षकांनाही हेच विचारा, आणि जोडीला हे की मुलालाच काही दीर्घ आजार आहे का. होकार आला तर त्या मुलाशी आदल्या दिवशी एकट्यानं बोला, ऐन बैठकीच्या दारात नाही. पान क्रमांकासकट बोला: "पान एकशे बारा ते एकशे वीस दवाखान्यातला प्रसंग आहे. तेव्हा तू बस, बाहेर थांब, नाहीतर आधी घरी वाचून ये. तिन्ही चालेल." तिसरा पर्याय मुलांना सोयीचा वाटतो: वाचून झालेलं असतं, आणि बाहेर जाऊन नजरेत भरावं लागत नाही.

एक नियम सगळ्यांसाठी एकदमच जाहीर करावा: न विचारता उठून पाणी प्यायला जाता येईल. माठ खोलीच्या बाहेर ठेवा आणि दुसरं मोठं माणूस दाराजवळ बसवा. कुणी बाहेर गेलं की त्यानं दोन मिनिटांनी सहज मागे जायचं, "काय व्हयनं रे भाऊ?" इतकंच विचारायचं आणि उत्तराची घाई करायची नाही. वाचणाऱ्यानं वाचन थांबवायचं नाही. थांबवलं की पंधरा डोकी दाराकडे वळतात.

वाचून दाखवताना

अभिनय नको. रडवेला आवाज काढला की मुलांच्या रडण्याची जागा आपण घेतो आणि त्यांना नुसतं बघत बसावं लागतं. मोबाइलवर मागे करुण संगीत लावणं तर दूरच ठेवा. नेहमीपेक्षा जरा सावकाश, सपाट आवाजात, विरामचिन्हं पाळून वाचा. आपलाच घसा दाटून आला तर पुस्तक दुसऱ्या मोठ्या माणसाकडे द्या. त्याला ओळ ठाऊक असली पाहिजे, म्हणून त्याच्या मांडीवर दुसरी प्रत उघडी ठेवा. मृत्यूची पानं मुलांकडून मोठ्यानं वाचून घेऊ नयेत. अडखळला तर त्याला हसतात, रडला तर ते महिनाभर लक्षात ठेवतात.

प्रसंग संपला की घड्याळात बघून एक मिनिट काहीही बोलू नका. त्यानंतर प्रश्न विचारायचा नाही, पट्ट्या वाटायच्या.

पट्ट्या म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे बोटभर रुंद तुकडे, पुस्तकातून वर डोकावतील एवढे लांब. वाचनालयाच्या पुस्तकावर पेनानं खुणा करता येत नाहीत, म्हणून ही सोय. प्रत्येकाला तीन: एक जिथे डोळे भरले तिथे, एक जिथे हसू किंवा राग आला तिथे, आणि एक जिथे "हे मला पटलं नाही" असं वाटलं तिथे. मागे नाव लिहायची गरज नाही. तिसरी पट्टी आवर्जून द्या. ती नसली की सगळ्यांना रडावंच लागेल असं वातावरण तयार होतं, मुलींमध्ये कोण जास्त रडली याची चढाओढ लागते, आणि ज्याला काहीच वाटलं नाही तो स्वतःला दगड समजू लागतो. काहीच न वाटणं हीही वाचकाची प्रतिक्रिया आहे, तिलाही ओळ मागावी.

मागच्या बाकावर दोन मुलं हमखास खिदळतात. ते बहुतेक वेळा अवघडलेपण असतं. दटावलं की ती पुढच्या बैठकीला येत नाहीत. "हसू कुठल्या ओळीला आलं, दाखव बरं," एवढं शांतपणे म्हणा. कधी ती ओळ खरंच विनोदाची निघते, कारण या कादंबऱ्यांत मरणाच्या शेजारीच थट्टा ठेवलेली असते, आणि मग चर्चेला तिथूनच सुरुवात होते.

"तुम्हाला कसं वाटलं?" या प्रश्नाला उत्तर येतं "छान" किंवा "वाईट", आणि पुढे शांतता. त्यापेक्षा हे विचारून बघा. डॉक्टर खोलीतून गेल्यावर पहिलं वाक्य कोण बोलतं, आणि ते आजाराबद्दल आहे का? या प्रकरणात आजाराचं नाव किती वेळा येतं? बाप या पानावर नेमकं काय काम करतोय? आजारी मुलगी विनोद करते तो कुणाला हसवायला? हीच गोष्ट धाकट्या भावानं सांगितली असती तर कुठून सुरू केली असती? अशा प्रश्नांना पान उलटावंच लागतं.

उत्तरं कुठल्या बोलीत येतात याकडे लक्ष देऊ नका. "माले रडू ऊनं" म्हणणाऱ्या मुलाला "मला रडू आलं असं म्हण" म्हणून थांबवलं, की पुढचं वाक्य त्याच्या घशातच राहतं. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, जी येईल ती येऊ द्या.

रडू कसं घडवलं जातं

चौथी-पाचवी बैठक इथे रमावी. मुलांना वाटतं रडू मरणाला येतं. पट्ट्या मोजल्या की दिसतं, त्या मृत्यूच्या वाक्यावर फार थोड्या असतात. बहुतेक त्याच्या आधी किंवा नंतर असतात: न धुतलेला स्वेटर, वापरायचा राहून गेलेला फोन रिचार्ज, दोनच ताटं मांडणारी आई. लेखकानं ही वस्तू आधी कुठे दाखवली होती ते शोधायला लावा. ती पहिल्यांदा बहुधा एखाद्या हलक्याफुलक्या, हसऱ्या प्रसंगात आलेली असते. वाचकाला तिची सवय लागलेली असते आणि पुढे तीच माणसाशिवाय समोर येते. हे शोधायला तिघांच्या गटाला पंधरा मिनिटं पुरतात, आणि सापडल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मग वाक्यांची लांबी बघा. निदानाच्या पानावर वाक्यं तुटक होतात का? डॉक्टरांचं बोलणं पूर्ण दिलं आहे, की मुलीला मधले दोन-तीनच शब्द ऐकू आले असं दाखवलं आहे? निवेदक 'मी' असेल तर तो जगणार असं आपण गृहीत धरतो. लेखकानं त्या समजुतीचा उपयोग कुठे केला? कुणाचं तरी नाव घेणं एका ठिकाणी थांबतं का?

कसोटीही शिकवा. रडवणाऱ्या परिच्छेदातली सगळी विशेषणं पेन्सिलीनं कागदावर उतरवून ती वगळून परिच्छेद पुन्हा वाचा. तरीही लागला, तर काम पक्कं आहे. विशेषणांबरोबर सगळंच गळून पडलं, तर लेखकानं वाचकाचा हात पिरगाळून पाणी काढलं होतं. मुलं या कसोटीवर निर्दय होतात. होऊ द्यावं, स्वतःच्या आवडत्या पुस्तकावरही.

काही शिक्षक इथे दुःखाच्या 'पाच पायऱ्या' फळ्यावर लिहितात: नकार, राग, घासाघीस, खचणं, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून त्या मांडल्या होत्या. प्रत्येक जण त्या क्रमानंच चढतो असं नाही. पात्रांना त्या साच्यात कोंबायला लावलं की मुलं पुस्तक वाचणं सोडून जोड्या लावा खेळू लागतात.

आणि दोन गोष्टी मोठ्यांनी बोलूच नयेत. एक, "बघा, तुम्ही किती नशीबवान!" वर्गात नशीबवान नसलेलं पोर बसलेलं असू शकतं. दुसरी, आजाराशी 'झुंज' देऊन अमुक 'हरला'. औषध लागू पडलं नाही यात मुलाचा पराभव कसला? करणी, भोग, बाहेरचं असे शब्द निघाले तर ते म्हणणाऱ्या घरच्या आजीला वेड्यात काढू नका. पुस्तकात कोण कुणाला दोष देतं आणि त्यानं काय बदलतं, ते पान काढून दाखवा.

दवाखान्याचा भाग नीट समजावून घ्या

कादंबरीतला आजार मुलं मोबाइलवर शोधतात, आणि रात्री स्वतःचा गुडघा दाबून बघतात. म्हणून दुसऱ्या बैठकीलाच वीस मिनिटं काढून खालच्या गोष्टी स्पष्ट करा. जमलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर किंवा परिचारिका बोलवा, पण त्यांना आधी प्रश्न लिहून द्या. नाहीतर तंबाखूवर भाषण होतं.

कर्करोग शिवण्यानं, एका ताटात जेवण्यानं पसरत नाही. तपासणीसाठी तुकडा काढला म्हणून तो अंगभर पसरतो ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी लोक निदान लांबवतात. किमोची औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. केसांच्या मुळांतल्या पेशी तशाच असतात, म्हणून केस जातात, आणि उपचार संपल्यावर साधारणपणे परत येतात. कादंबरी केसांवर रेंगाळते, डॉक्टर मात्र तापाला घाबरतात. किमो चालू असताना रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, आणि ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. सर्दी-खोकला असताना अशा मुलाला भेटायला जायचं नाही, हे इथेच सांगून ठेवा.

आजार ओसरला म्हणजे तपासणीत दिसेनासा झाला. बरा झाला असं म्हणायला बरीच वर्षं जावी लागतात. कादंबरीतला मधला आनंदाचा काळ बहुधा या दोहोंच्या फटीत बसवलेला असतो. वेदना कमी करणारी पॅलिएटिव्ह सेवा म्हणजे 'आता काही उरलं नाही' असं नव्हे, ती उपचारांबरोबरही चालते. अमेरिकन पुस्तकात 'हॉस्पिस', म्हणजे शेवटच्या काळातली शुश्रूषा, आलं तर ती दरवेळी वेगळी इमारत नसते, पुष्कळदा ती घरी येऊन दिलेली सेवा असते. सोळाव्या वर्षी गाडी चालवणं, विमा कंपनीशी भांडण, शाळेचा नाचाचा समारंभ या गोष्टींची दहा-बारा ओळींची यादी करून प्रत्येक प्रतीत ठेवली की वाचन दर पानाला अडत नाही.

आणि हे जोर देऊन सांगा. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग रक्ताचा, आणि त्यातल्या मुख्य प्रकारात पूर्ण उपचार मिळालेली बहुसंख्य मुलं श्रीमंत देशांत बरी होतात. कादंबरीकार न वाचलेल्या मुलाची गोष्ट निवडतो, म्हणून पुस्तकातलं प्रमाण जगातलं प्रमाण समजू नये. गुडघा खेळून आल्यावर दोन्हीकडे दुखतो आणि सकाळी थांबतो, त्याची धास्ती नको. एकाच जागी आठवडे दुखणं, सूज, दुखण्यानं रात्री जाग येणं, कारण नसताना अंगावर निळे डाग, लांबलेला ताप, घटणारं वजन: यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, गूगलला नाही.

एक बैठक इकडच्या वाटेवर घालवा: हाच मुलगा शहाद्याचा असता तर? ग्रामीण रुग्णालय, तिथून नंदुरबार, मग रेल्वेनं सुरत किंवा मुंबईला परळचं टाटा रुग्णालय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या रुग्णालयांमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, चौकशीचा क्रमांक १५५३८८. उपचाराला जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत असते. सोबत कोण जाईल, मुंबईत कुठे राहतील, बैलांना चारा कोण टाकेल, धाकटी कुणाकडे राहील, हे मुलांनाच मांडू द्या. हा कागद भरताना मुलं जितकी गंभीर होतात तितकी रडताना होत नाहीत.

नंदुरबार, अक्कलकुवा, धडगाव, साक्री, शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुड्याकडच्या बाजूला आणखी एक गोष्ट हमखास निघते: सिकलसेल हा रक्ताचा आजार. परदेशी कादंबरीतल्या आजारापेक्षा हा मुलांना जवळचा असतो. तो आई-वडिलांकडून येतो. एकाकडूनच आला तर मूल वाहक होतं आणि सहसा त्याला त्रास होत नाही. दोघांकडून आला तर रुग्ण होतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. पाणी कमी पडलं, गारठा, अतिश्रम, जंतुसंसर्ग झाला की हाडं-सांधे असह्य दुखतात, म्हणून अशा मुलाला कवायतीत उन्हात उभं करू नये आणि पाण्याची बाटली तासालाही जवळ ठेवू द्यावी. हायड्रॉक्सियुरिया हे औषध बऱ्याच रुग्णांचं दुखणं कमी करतं. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलहून सुरू झाली, लक्ष्य २०४७ चं आहे. हे सगळं सांगावं, पण वर्गात "कुणाकुणाचं सिकलसेलचं कार्ड आहे?" असं चुकूनही विचारू नये. ते नाव उद्या लग्नाच्या बैठकीपर्यंत पोचतं.

कधी थांबायचं

रडून मोकळं झालेलं मूल अर्ध्या तासात खायला मागतं, बडबडतं. काळजी त्या मुलाची करावी जे रडत नाही पण पुढचे चार दिवस जेवत नाही, झोपत नाही, आपल्या वस्तू वाटून टाकतं, किंवा "त्याच्यासारखं गेलं तर सगळे आठवण काढतील" असं वहीत लिहितं. या कादंबऱ्या मरण सुंदर करून दाखवतात, हा त्यांचा खरा धोका आहे. अशा वेळी "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, मुलाला एकटं सोडू नका, मरावंसं वाटतं का हे सरळ विचारा, विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. त्याच दिवशी पालक आणि मुख्याध्यापकांना सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही क्रमांक पुस्तकाच्या खाकी कव्हरच्या आतल्या बाजूला पहिल्या दिवशीच सगळ्या प्रतींत चिकटवून ठेवा, म्हणजे ते कुणा एकासाठी काढावे लागत नाहीत.

शेवटची बैठक आणि नंतर

सहाव्या बैठकीत लिहायला द्या. मेलेल्या पात्राला पत्र लिहायला सांगू नका, पंधरा पत्रं एकसारखी येतात. दुय्यम पात्र घ्या: रात्रपाळीची परिचारिका, गाडी चालवणारा बाप, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही तो धाकटा भाऊ. एक प्रसंग, दीडशे शब्द, आणि दुःख, अश्रू, काळीज, नियती हे चार शब्द बंद. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, मग वस्तू शोधू लागतात. शुद्धलेखन तपासू नका, लाल पेन घरी ठेवा. या पानांचं हस्तलिखित बांधायचं असेल तर प्रत्येकाची परवानगी घ्या, आणि ज्याला नाव नको असेल त्याचं पान नावाशिवाय लावा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजींनी 'विद्यार्थी' मासिक काढलं होतं. त्या तालुक्यात हस्तलिखिताला कुणी नाही म्हणणार नाही.

पुस्तकं जमा करताना पट्ट्या काढून घ्या, दाखल क्रमांक ताडून बघा. एखादी मुलगी परत करायला नको म्हणेल तर तिला आणखी पंधरा दिवस द्या, पण त्या पंधरा दिवसांत एकदा तिची विचारपूस करा. टेबलावर लगेच दुसरी आजाराची कादंबरी ठेवू नये. विनोदी, प्रवासाची, रहस्याची चार-पाच पुस्तकं ठेवा, आणि शरीर कसं चालतं हे सांगणारं एखादं. रडू आवडलं म्हणून त्याच जातीचं पुस्तक मागायला मुलं येतातच. त्यांना आधी शरीराचं द्या. महिन्याभरानंतरही मागितलं तर मग पुढची कादंबरी.